गगनबावड्याचा समुद्र

चौकातल्या फळ्यावर गुंडू पेंटरनं रंगीत खडूंनी लिहिलं होतं : 'कोकण किनारा सायकलीवरून सर केल्याबद्दल आमचे मार्गदर्शक, भूगोलाचे मास्तर श्री. नृसिंह हेर्लेकर यांचे हार्दिक अभिनंदन.' खाली निळ्या खडूची लाट होती आणि लाटेवर सायकल. फळ्यासमोर हेर्लेकर मास्तर टायरमध्ये हवा भरून घेत उभे होते. ते अजून निघायचे होते.

त्यांनी दबक्या आवाजात गुंडूला याबद्दल विचारलं. गुंडूला त्याच दिवशी कागलला देवळाच्या रंगाच्या कामावर जायचं होतं आणि परत कधी येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून त्यानं काम आधीच उरकून ठेवलं होतं. "तुम्ही जाणारच हाय की," तो म्हणाला. "मग अभिनंदन आज काय आन आठवड्यानं काय."

कोल्हापुरात पोरगं मॅट्रिक झालं की फळा लागतो, म्हैस स्पर्धेत पहिली आली की लागतो, आणि एकदा लागला की तो सहसा पुसत नाहीत, कारण पुसणाऱ्याला दहा माणसं जाब विचारतात. मास्तरांना फेटा बांधला गेला, हार घातला गेला, हलगी वाजली. गेलेला माणूस अर्ध्या वाटेतून परत येऊ शकतो. हार घातलेल्या माणसाला तशी सोय नसते.

हे अठ्ठ्याहत्तर साल. मंडळाचं नाव सागरदर्शन सायकल मंडळ. सभासदांपैकी फक्त अध्यक्षांनी समुद्र पाहिला होता, तोही मुंबईला, अंधार पडल्यावर. दिवाळीच्या सुट्टीत साऱ्यांनी सायकलीवरून कोकणात उतरायचं ठरलं होतं. गगनबावड्यावरून करूळ घाट, तळेऱ्यावरून विजयदुर्ग, मग किनारा धरून देवगड, कुणकेश्वर, आणि फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे घर. त्याआधी कुणीतरी रस्ता पाहून यावा, चढ किती, मुक्काम कुठं, पिण्याचं पाणी कुठं, हे सांगावं, असं बैठकीत निघालं. जो भूगोल शिकवतो त्याला रस्ता माहीत असणार, असा मंडळाचा समज होता. थोडासा मास्तरांचाही होता. वर्गात ते भरती-ओहोटी शिकवत ती पाण्याची बादली हलवून. पहिल्या बाकावरची पोरं भिजत, आणि मास्तरांनी समुद्र पाहिलेला नाही हे कुणाच्या डोक्यात येत नसे.

चौकाच्या कोपऱ्यावर बाबालालचं सायकलचं दुकान होतं. त्यानं मास्तरांच्या सायकलीला नवे ब्रेक बसवले, मागचं कॅरियर रुंद करून दिलं. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याची आई, साऱ्या चौकाची लालबी चाची, बाजेवर बसून असायची. चाचीचं माहेर विजयदुर्गाजवळच्या एका वाडीत, अगदी पाण्याच्या काठाला. निघण्याच्या आदल्या दिवशी तिनं मास्तरांना आत बोलावलं आणि घट्ट बुचाची, सरबताची एक रिकामी बाटली त्यांच्या हातात ठेवली.

बाटलीची गोष्ट तिनं थोडक्यात सांगितली. माहेराहून निघताना तिचा धाकटा भाऊ फक्रुद्दीन दर वेळी समुद्राच्या पाण्याची बाटली भरून द्यायचा. कोल्हापुरात टाचा दुखल्या की ती ते पाणी गरम करून पायांवर घ्यायची. मग आई वारली, तेव्हा भावानं तिला वेळेवर कळवलं नाही. ती पोचली तेव्हा माती झालेली होती. दारातच ती म्हणाली होती, आता तू बोलावल्याशिवाय या घरात पाय ठेवणार नाही. तो म्हणाला होता, मग मी बोलावत नाही. याला वीसेक वर्षं झाली होती, आणि दोघंही शब्दाला पक्के निघाले होते.

"मास्तर, त्याला काय सांगू नगा," लालबी म्हणाली. "बाटली निस्ती त्याच्या म्होरं ठिवा. वळखंल. भरली तर भरली. न्हाय भरली तर रिकामी आणा. रिकामी आणली तरी मला कळतंय."

मास्तरांनी बाटली पंच्यात गुंडाळून कॅरियरला बांधली आणि हलगीच्या तालावर निघाले.

गगनबावड्यापर्यंत काही बिघडलं नाही. उसाचे फड, मधूनमधून गुऱ्हाळाच्या मोकळ्या चुली, ओळखीचे चढ. गावाच्या पुढं रस्ता एका वळणाशी आला आणि पलीकडची बाजूच संपली. पाऊस सरत आला होता तरी दरीत धुकं दाटलं होतं. खालून कोकणातली एसटी हॉर्न वाजवत वर आली. आधी आवाज, मग बराच वेळ काहीच नाही, मग एकदम अंगावर. मास्तर सायकलवरून उतरले. हा घाट त्यांनी फळ्यावर अनेकदा उतरला होता, समोच्च रेषा मोजत, पट्टीनं. इथं रेषा नव्हत्या. ते एका दगडावर बसले. धुकं ओसरलं की निघू असं ठरवलं. धुकं ओसरलं तेव्हा दरी दिसली, आणि धुकं होतं तेच बरं होतं असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्या वळणापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी गेलेच नाहीत. देवळाच्या ओवरीत राहिले, खानावळीत जेवले आणि कोकणातून वर येणाऱ्या एसटीच्या आणि ट्रकच्या ड्रायव्हरांना चहा पाजून रस्ता विचारत बसले. ड्रायव्हर लोक मोकळ्या मनाचे. कुठं विहीर आहे, कुठं शाळेच्या पडवीत झोपू देतात, कुठं खानावळवाली उधारीला नाही म्हणते, सगळं त्यांनी सांगितलं. मास्तरांचा रस्ता बसल्या जागी पुरा झाला. उरली बाटली.

बाटलीनं त्यांची झोप घालवली. मंडळाला थाप मारणं त्यांना जमण्यासारखं वाटत होतं. मंडळानं त्यांच्या आधी फळ्यावर तेच केलं होतं. पण रिकामी बाटली परत न्यावी तर म्हातारीला वाटणार, भावानं नाही म्हटलं. आणि त्या बिचाऱ्याला कुणी विचारलंच नव्हतं. खरं सांगावं तर हार, फेटा, हलगी आणि गुंडूची निळी लाट आडवी येत होती. मास्तर शिकलेले होते, त्यामुळं करायचं होतं त्याला कारण सापडायला त्यांना फार वेळ लागला नाही. म्हातारीला आनंद होईल, नुकसान कुणाचंच नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. खानावळीतून मूठभर खडेमीठ मागून घेतलं, ओढ्याच्या पाण्यात विरघळवलं आणि चव घेतली. खारट होतं, पण वास येईना. बाजारात कोकणातली एक बाई सुकी मासळी घेऊन बसली होती. मास्तरांच्या सात पिढ्यांत कुणी मासळीला हात लावला नव्हता. त्यांनी दोन सुके बांगडे घेतले, एकाची शेपटी बाटलीत घटकाभर बुडवून ठेवली, मग काढली, आणि दोन्ही बांगडे देवळामागच्या मांजराला दिले.

कोल्हापुरात गुलाल तयार होता. अध्यक्षांच्या अंगणात मास्तरांनी रस्त्यावर व्याख्यान दिलं. तळेऱ्यापुढं 'सौम्य चढ', विजयदुर्गाकडं 'सुखद सपाटी', आणि किनाऱ्याचं वर्णन इतकं सुरेख की अध्यक्षांनी डोळे पुसले. घरी त्यांच्या बायकोनं, माईनं, चपला उचलून बघितल्या.

"समुद्रावर गेलात आणि चपलेत वाळूचा कण कसा नाही?"

"झटकल्या," मास्तर म्हणाले.

"चांगल्या झटकल्या," माई म्हणाली आणि पानं वाढायला गेली.

लालबीनं बाटली हातात घेतली तेव्हा बूच काढलं नाही. उजेडाकडं धरून बघितली. मग फक्त विचारलं, काय बोलला का. मास्तरांनी वाटेत बरीच वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही तोंडातून बाहेर पडलं नाही.

"काही नाही. मुकाट्यानं भरून दिली," ते म्हणाले.

लालबीनं मान हलवली. फक्रुद्दीन तोंड न उघडता कामं करणाराच माणूस होता. मास्तरांचं एवढंच वाक्य तिला पुरलं. तिनं बाटली कोनाड्यात ठेवली आणि बाजेवरून उठून, कुणी सांगितलं नसताना, अंगण झाडायला लागली.

तीन-चार दिवसांनी मास्तर दुकानावरून चालले होते. बाबालालनं त्यांना हाक मारली आणि हातातली चेन खाली ठेवून तो बाहेर आला. अम्मा माहेरी निघाली होती. पेटी भरली होती, भावासाठी लुंगीचं कापड आणलं होतं. परवाच्या सकाळच्या एसटीनं जाणार होती, एकटीच. सोबतीला येतो म्हटलं तर म्हणाली, बोलावणं मला हाय, तुला न्हाय.

"कसलं बोलावणं?" मास्तरांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

"बाटली भरून दिली म्हंजी बोलावलंच की मास्तर. आमच्यात कागूद कोण धाडतंय?" बाबालालनं हात पुसले. "म्हातारी काल गाणं म्हणत हुती. म्या जल्मात ऐकलं नव्हतं तिचं गाणं."

मास्तर तिथंच सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात मंडळाचे दोघे चहाला ओढायला आले आणि घाटात ब्रेक कसे लावावेत हे त्यांना मास्तरांकडूनच ऐकायचं होतं. संध्याकाळी ते पुन्हा गेले, या खेपेला थेट चाचीकडं. घाटातला रस्ता फार खराब आहे, एसटी हेलकावे खाते, थंडी पडली की जावं, असं सांगून बघितलं. तुम्ही सायकलीवरनं गेलताच की, लालबी म्हणाली. मला तर बसूनच जायचं हाय. तिच्या पायांशी लुंगीचं कापड घडी घालून ठेवलं होतं. मास्तरांनी ते बघितलं आणि ते घरी आले.

रात्री ते जेवायला बसले. माई म्हणाली, आमटी अळणी झाली आहे, मीठ घ्या. मास्तरांनी मिठाकडं बघितलं आणि अळणीच खाल्ली.

एकच रस्ता उरला होता. तिच्या आधी पोचायचं, फक्रुद्दीनचे पाय धरायचे आणि दारात आलेल्या बहिणीला आत घ्या म्हणायचं. शाळेत त्यांनी पोट दुखत असल्याचं कळवलं, आणि त्यात खोटं असं फार नव्हतं. आदल्या दिवशी उजाडताच ते निघाले. या वेळी हलगी नव्हती.

घाट ते चालत उतरले. सायकल हातात धरून, डोंगराच्या बाजूला स्वतः, दरीच्या बाजूला सायकल. उतारावर सायकल ढकलत नेणारा माणूस लोकांना बघवत नाही. प्रत्येक ट्रकवाला वेग कमी करून विचारत होता, काय पावणं, पंचर का. मास्तर हो म्हणत होते. एवढ्याचं त्यांना आता काही वाटत नव्हतं. खाली वैभववाडीत पोचेपर्यंत पायांची चाळण झाली होती. एका शाळेच्या पडवीत ते झोपले. ड्रायव्हरनं सांगितलेली पडवी बरोबर निघाली.

दुसऱ्या दिवशी स्वतःचा रस्ता त्यांना स्वतः भेटला. माहिती खोटी नव्हती. विहिरी होत्या तिथं होत्या, खानावळवाली खरोखर उधारी देत नव्हती. पण ड्रायव्हरांनी रस्ता एसटीच्या सीटवरून पाहिला होता. जिथं एसटीला काही जाणवत नाही तिथं सायकलवाल्याचा जीव छातीत मावत नाही. 'सौम्य चढ' मास्तरांनी तीन वेळा उतरून चढला. 'सुखद सपाटी' म्हणजे कोकणात ज्याला सडा म्हणतात तो जांभ्या दगडाचा उघडा माळ, झाड नाही, सावली नाही, समोरून वारा. हे व्याख्यान देणारा माणूस कोण होता, असं त्यांना विचारावंसं वाटलं, आणि मंडळाची पोरं दिवाळीत इथं त्यालाच शिव्या देणार हेही कळलं. मधूनच रस्ता खाली एखाद्या वाडीत उतरायचा. काजू, फणस, गडद गारवा, पोफळीच्या बागेतून पाटाचं पाणी. पुन्हा वर सडा. एका वळणाला, फार लांब, आकाशाखाली आकाशाहून जरा गडद अशी एक पट्टी दिसली. मास्तरांना ती ढगाची वाटली.

तिथंच मागून हॉर्न ऐकू आला. कोल्हापूर-विजयदुर्ग एसटी. मास्तर बाजूला झाले, आणि सरकत गेलेल्या खिडक्यांतल्या एका खिडकीत लालबी होती. तिनं त्यांना ओळखलं. हात बाहेर काढून बाटली दाखवली, हसली आणि काहीतरी ओरडून म्हणाली. वाऱ्यात त्यातलं एवढंच पोचलं : "...म्होरं जाते, या तुम्ही."

मास्तरांनी त्यानंतर जी सायकल मारली ती मंडळानं बघायला हवी होती. पण एसटी ती एसटी. ते वाडीत पोचले तेव्हा अंगातला सदरा मिठानं पांढरा झाला होता. फक्रुद्दीनचं घर विचारावं लागलं नाही. म्हातारी आली म्हणून पोरं दाराशी जमली होती.

ओसरीवर लालबी बसली होती, पुढ्यात चहा, शेजारी बाटली. समोर पांढऱ्या दाढीचा, उंच, जहाजावर नोकरी करून आलेला माणूस बसला होता. दोघं बोलत नव्हती, पण न बोलताही बरं चाललंय असं दिसत होतं. मास्तर अंगणात सायकलीला धरून उभे राहिले. फक्रुद्दीननं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. त्यांनी त्याला जन्मात पहिल्यांदा पाहिलं होतं आणि त्यानंही त्यांना.

"या मास्तर," तो म्हणाला. "त्या दिवशी बाटली भरून घेतलीत आणि चहा न घेता गेलात. आज घ्या."

मास्तरांनी चहा घेतला. त्यात साखर होती की नाही हे त्यांना सांगता आलं नसतं.

चहा झाल्यावर लालबी नमाजासाठी आत गेली. फक्रुद्दीन मास्तरांना घेऊन मागच्या माडांपर्यंत आला. मास्तरांनी सगळं सांगितलं. घाट, धुकं, खडेमीठ, बांगड्याची शेपटीसुद्धा. मी इथं आलोच नव्हतो, ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे," फक्रुद्दीन म्हणाला. "मी इथंच असतो."

मास्तरांना वाटलं, आता तो चिडेल, आणि बरं वाटेल. तो चिडला नाही.

"दारात उभी राहून म्हणाली, तू बाटली भरलीस म्हणून आले. मी काय म्हणणार? म्हटलं, भरली."

"पण मी खरंच आलो असतो, बाटली पुढ्यात ठेवली असती, तर तुम्ही भरली असती ना?" मास्तरांनी विचारलं. त्यांना हो ऐकायचं होतं. हो ऐकलं असतं तर सगळं मिटलं असतं.

फक्रुद्दीननं पायाखालची झावळी बाजूला सारली. "वीस वर्षं मी हेच ठरवत होतो, मास्तर. कधी वाटायचं भरीन. कधी वाटायचं, पहिल्यांदा तिनं यावं. आता ते कधी कळायचं नाही. मलापण. माझं उत्तर तुम्ही वर डोंगरात देऊन टाकलंत."

मी चाचीला आत्ता जाऊन सांगतो, असं मास्तर म्हणाले.

"माझ्या घरात नको. आज तर नकोच," फक्रुद्दीन म्हणाला. "आता तुमच्या खोट्यात माझंही खोटं आहे. एकट्याचं असतं तर खुशाल सांगितलं असतंत."

लालबी बाहेर आली ती बाटली घेऊनच. उन्हं कलली होती. तिघं पुळणीवर उतरले. मास्तरांना समुद्र दिसला तो असा : म्हातारीची मंद चाल सांभाळत, मान खाली घालून, पायाशी येईपर्यंत. लाट आली, चपलेत वाळू भरून गेली. बादलीपेक्षा पुष्कळच मोठा होता.

लालबीनं बूच काढलं. पाणी पायावर घेतलं नव्हतं, थेंबही सांडला नव्हता. "आता मीच आले, तर ह्याला कोल्हापुरात कशाला डांबून ठिवायचं," ती म्हणाली आणि बाटली लाटेत उपडी केली. गगनबावड्याचा ओढा आणि खानावळीतलं मूठभर मीठ अरबी समुद्रात गेलं. समुद्रानं काही म्हटलं नाही. मग तिनं मास्तरांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं दुवा दिली; तुमच्या पायगुणानं भाऊ भेटला, म्हणाली. मास्तरांनी पाय वाळूत जास्तच रोवले. फक्रुद्दीन क्षितिजाकडं बघत होता.

ती महिनाभर राहणार होती. दुसऱ्या दिवशी निघताना फक्रुद्दीननं ती बाटली स्वतः लाटेत धरून भरली, बूच दाबून बसवलं आणि मास्तरांच्या कॅरियरला बांधली. कुणासाठी हे त्यानं सांगितलं नाही.

बाबालालला त्याच्या मामानं विजयदुर्गच्या पोस्टातल्या फोनवरून की एसटीच्या ड्रायव्हरकडून निरोप धाडला होता कोण जाणे. फोंडा घाट ढकलत चढून, राधानगरीवरून मास्तर चौकात आले तेव्हा गुंडू कागलहून परतला होता. फळ्यावर ताजा खडू होता : 'म्हातारीच्या सोबतीसाठी सलग दुसऱ्यांदा कोकण किनारा सर करणारे आमचे नृसिंह मास्तर यांचे त्रिवार अभिनंदन.' लाटही दुसरी होती, जरा मोठी.

चौकात माणसं होती. बाबालाल हार घेऊन दुकानाच्या पायरीवर उभा होता. मास्तर सायकल न लावताच फळ्यापाशी गेले, कॅरियरवरची बाटली सोडली, तळहातावर पाणी घेतलं आणि 'सलग दुसऱ्यांदा' एवढेच शब्द पुसून काढले. पुसलेली जागा काळी, ओली झाली.

कुणी काही विचारायच्या आत बाबालालनं हार त्यांच्या गळ्यात घातला. माणसं एकमेकांना सांगू लागली, मोठेपणा बघा, दोनदा गेला तरी दोनदा म्हणू देत न्हाय.

सकाळपर्यंत त्या जागेवर पांढरट खार उमटला होता. गुंडूनं तो फडक्यानं पुसला आणि रिकामी जागा वाया जाऊ नये म्हणून तिथं पिवळ्या खडूनं लिहिलं : 'विनयशील'.